उलव्यातली वाडी

ईश्वरीच्या आजाराची बातमी गिरगावातल्या चाळीत फुटली, तसं रोज कोणी ना कोणी दारात उभं राहू लागलं. कोणी अंगारा आणला, कोणी काढा, कोणी नुसताच चेहरा पाडून आलं. सतरा वर्षांची मुलगी खाटेवर पडून सगळं ऐकायची. तिला रक्ताचा कॅन्सर आहे हे तिला कळू द्यायचं नाही, असं तिच्या आईनं, वैजयंतीनं, आणि वडिलांनी, श्यामसुंदरनं, ठरवलं होतं. 'कावीळ उलटलीय, बरी होशील,' एवढंच ते तिला सांगत. म्हणूनच नेरूळचा तळमजल्यावरचा फ्लॅट ताब्यात मिळताच त्यांनी मुक्काम हलवला. हवा मोकळी, जिने चढायला नकोत आणि तोंड घालणारं कोणी नाही.

त्या घरात ईश्वरी एक हिवाळा जगली. चैत्रात गेली.

नातेवाईक आले, तेराव्यापर्यंत राहिले आणि गेले. श्यामसुंदर पुन्हा फोर्टच्या बँकेत जाऊ लागला. त्यानं मुलीचा फोटो कपाटात ठेवला आणि तिचं नाव घेणं सोडलं. वैजयंती दिवसभर एकटी. सोसायटीत तिची कोणाशी ओळख नव्हती. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली सुनयना एकदा पेढे घेऊन आली आणि सहज म्हणाली, "तुम्हाला मुलं किती हो?"

"नाहीत," वैजयंतीच्या तोंडून निघून गेलं.

दार लावल्यावर ती तिथंच पायपुसण्यावर बसली. आपण आपल्या हातानं पोरीला पुसून टाकलं, असं तिला वाटलं. ज्या गावात ईश्वरीला कोणी पाहिलंच नाही, तिथं ती होती हे सांगायचं तरी कोणाला?

आणि मग तिला बायजाबाई आठवली.

बायजाबाई उलव्याची. डोक्यावर पाटी घेऊन ती सेक्टरमध्ये फुलं आणि भाजी विकायला यायची. उंच, काळीसावळी, आवाज खणखणीत. गॅलरीत पडून असलेल्या ईश्वरीशी गजांबाहेर उभं राहून गप्पा मारायची. ईश्वरी तिच्याकडून अबोलीचा गजरा घ्यायची. पुढे औषधांनी केस गेले, तरी घ्यायची; ओंजळीत धरून बसायची. पावसाळ्यात बायजाबाई यायची बंद झाली. वैजयंतीनं दुसऱ्या एका भाजीवालीकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की ती विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडून बसलीय.

नवरात्राच्या सुमारास एका सकाळी वैजयंती बस धरून निघाली आणि विचारत विचारत उलव्याला पोचली. खाडीच्या बाजूला, गावाच्या टोकाला बायजाबाईची वाडी होती. वाडी म्हणण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. छातीइतकं गवत, घाणेरीच्या जाळ्या, नारळांवर चढलेले वेल. केळी एकमेकींवर कलंडलेल्या. ओट्यावर पाय पसरून बसलेल्या बायजाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोन गो? ईश्वरीची आई ना तू?"

वैजयंतीला पुढे चालवेना. कित्येक महिन्यांत तिला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. ती ओट्याच्या कडेला टेकली आणि मोठ्यानं रडली. बायजाबाईनं तिला रडू दिलं. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "पानी हाय माठात. घे."

त्या दिवशी निघताना वैजयंतीनं गवतात अडकलेलं अबोलीचं एक रोप पाहिलं आणि भोवतालचं गवत उपटलं. पात्यांनी हात कापले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

मग तिचा तो नेमच झाला. श्यामसुंदर कामावर गेला की ती निघायची. विळा कसा धरायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. बायजाबाई ओट्यावरून ओरडायची, "अगो, मुलासकट काढ! वरवर कापून काय व्हतंय?" घाणेरीचे काटे तिच्या तळव्यांत मोडले. वेल ओढताना ती दोनदा आपटली. पण दिवाळीपर्यंत विहिरीची वाट मोकळी झाली आणि वेलांखाली दडलेला मोगरा हाती लागला. तिनं नारळांना आळी केली, केळींना टेकू दिले, अबोलीच्या फांद्या तोडून वाफ्यात लावल्या. पाणी शेंदून शेंदून तिचे खांदे भरून यायचे आणि रात्री झोप लागायची. झोपेतून उठली की मात्र सगळं पुन्हा तसंच असायचं. ईश्वरीचं अंथरूण रिकामं, श्यामसुंदर पाठमोरा.

विहिरीवर येणाऱ्या बायका पहिल्यांदा कुजबुजल्या, "ही शेरातली बाई हितं कशाला?"

"ईश्वरीची आई हाय ती," बायजाबाईनं ओट्यावरूनच ठणकावलं. मग तेच तिचं नाव पडलं. कोणी तिला वालाची डाळिंबी द्यायचं, कोणी तांदळाची भाकरी. सावलीत बसून ती त्यांच्यात जेवायची. तेवढा वेळ तिला घास गिळता यायचा.

वाडी कागदोपत्री सरकारजमा झालेली होती, हे तिला सखू नावाच्या शेजारणीकडून कळलं. वैजयंतीनं विचारलं तर बायजाबाई म्हणाली, "उठवतील तवा उठू. तवर झाडाला पानी नको का?"

माघात अबोली फुलली. केशरी वाफा पाहून बायजाबाई काठी टेकत खाली उतरली, कधी नव्हे ते खूश झाली आणि त्या खुशीत बोलून गेली.

"तुजी पोर बोलली व्हती, 'मावशी, मी मरायच्या आधी तुजी वाडी बघाची हाय.'"

वैजयंतीच्या हातातलं खुरपं थांबलं. "मरायच्या आधी? तिला कुठं माहीत होतं?"

बायजाबाईनं जीभ चावली. पण शब्द सुटून गेला होता. "तिला सगलं ठाव व्हतं, बाय. मना बोलली, 'आईला वाटतं मला कायच कळत नाय. तिला तसंच वाटू दे.'"

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तिनं शपथ घातली व्हती."

"मी आई होते तिची!" वैजयंती किंचाळली. विहिरीवरच्या बायका वळून पाहू लागल्या. "रात्ररात्र मी तिच्याजवळ बसून खोटं बोलत राहिले, पुढच्या वर्षी कॉलेजात जाशील म्हणून! ती हो म्हणायची! ती एकटी होती, आणि तुम्ही मला कळू दिलं नाहीत!"

ती तशीच मातीच्या हातांनी बसमध्ये जाऊन बसली. पुन्हा तिकडे फिरकायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि होळी झाली तरी फिरकली नाही.

श्यामसुंदरला तिनं हे बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तो बुटांच्या नाड्या सोडत होता. ऐकून तसाच वाकून राहिला.

"म्हणजे आपण तिघंही एका घरात नाटक करत होतो, वैजू," तो म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. मुलगी गेल्यावरही न रडलेला माणूस जमिनीवर बसून हुंदके देऊ लागला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "आणखी काय काय म्हणाली ती? त्या बाईंना विचारलंस का?"

वैजयंतीनं काहीच विचारलं नव्हतं. त्या बाईपाशी आपल्या मुलीचे कितीतरी दिवस साठलेले होते आणि ती रागारागानं त्यांच्याकडे पाठ फिरवून आली होती.

रविवारी दोघं गेले. ऊन चढलं होतं. अबोलीचा निम्माअधिक वाफा करपून गेला होता, मोगऱ्याची पानं पिवळी पडली होती. बायजाबाई दुखरा पाय ओढत, अर्धी कळशी सांडत, एकेका आळ्यात पाणी घालत होती. त्यांना पाहून ती थांबली.

"चुकलं माजं, बाय," ती म्हणाली. "पन पोरीला दिलेला शब्द..."

"मावशी," वैजयंती म्हणाली. आजवर ती तिला बायजाबाईच म्हणत आली होती. "तो तुम्ही पाळलात. मलाच समजायला वेळ लागला." तिनं कळशी काढून घेतली. "हे तिचे बाबा. आम्हाला ऐकायचंय. ती जे बोलली ते सगळं."

बायजाबाईनं श्यामसुंदरला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सांगते. बरंच हाय. आधी पानी काढा, झाडं मरतात."

श्यामसुंदरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोर हातात घेतला. त्याला सवय नव्हती. पहिली बादली वर येईतो अर्धी झाली. बायजाबाई ओट्यावर बसून बोलू लागली. ईश्वरीला चिंचेची आंबट बोटुकं हवी असायची आणि बायजाबाई ती पदराआडून द्यायची. बाबा आंघोळीला गेले की बेसूर गातात, हे ईश्वरी नक्कल करून दाखवायची आणि हसता हसता धापा टाकायची. एकदा म्हणाली होती, भीती मरायची नाही वाटत, आई नंतर दिवसभर काय करेल याची वाटते.

दोर थांबला. श्यामसुंदर विहिरीच्या कठड्यावर कपाळ टेकून उभा राहिला. वैजयंती करपलेली रोपं उपटत होती. तिला समोरचं दिसत नव्हतं, पण हात चालू होते; मेलेलं बाजूला, जे जगेल असं वाटे, त्याच्या बुडाशी ती ओली माती दाबत होती.

"पुढं सांगा," ती म्हणाली.