तापलेली गाडी आणि पहिली अक्षत

मोरिवलीच्या बाळाजीची उजवी मांडी तुम्ही भाजलीत. हो, तुम्हीच. नाव घेऊन बोललो असतो, पण नाव कुणाला माहीत आहे? खणणारा म्हणतो वरून ऑर्डर आली. वरचा म्हणतो ते आमच्याकडे येत नाही. तेव्हा अंबरनाथहून बदलापूरला जाणारा रस्ता ऐन मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, चिखलोलीपाशी ज्यानं उभा चिरला आणि गार केबिनमध्ये बसून सही ठोकून जो मोकळा झाला, त्या साहेबाला हे लागू. गाडीला दोष देऊ नका. गाडी चालायला बनवलेली असते. तिला उभी कुणी केली?

बाळाजी हा काही उन्हाला कुरकुरणारा माणूस नाही. बापाची जमीन कारखान्यात गेली, तिच्या मागोमाग हाही कारखान्यात गेला, आणि उभं आयुष्य बॉयलरवर काढून मागच्या वर्षी निवृत्त झाला. बॉयलरला टेकून डबा खायचा तो. अशा माणसाला ज्या दिवशी भर रस्त्यात "आई गं" म्हणावं लागलं, त्या दिवसाची ही गोष्ट.

त्याच्या मुलाचं, सुयोगचं, लग्न ठरलं. सुयोगनं काय करावं? बापाची जुनी शंभर सीसीची गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली आणि लाल-काळी, ढुंगण वर करून उभी राहणारी एक थोराड गाडी दारात आणली. लग्न झालं की बायकोला घेऊन लडाखला जायचं म्हणे. जुनी गाडी गेल्याचं बाळाजीला ती गेल्यावर कळलं. गोठ्यातला बैल विकल्यासारखं तोंड करून तो ओट्यावर बसला.

"पप्पा, ही लिक्विड कूल्ड आहे," सुयोगनं समजूत काढली.

"म्हंजे थंड?"

"म्हणजे आतून थंड."

"आन बाहेरून?"

सुयोगनं विषय बदलला.

आता आमंत्रणाचं. बाळाजीची थोरली बहीण भिमाबाई बदलापूर गावात दिलेली. नुसती बहीण असती तर रुसवाफुगवा काढता आला असता. पण भिमाबाई धवलारीण. आगरी लग्नात भटजीला उशीर झाला तर लोक चहा पितात. धवलारीण आली नाही तर हळद अडते. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या गळ्यात असतं. आणि भिमाबाईसारखा गळा उल्हास नदीच्या दोन्ही काठांना नाही. रागही तेवढाच मोठा. मागं एका हळदीला ती डोळे मिटून धवला म्हणत होती, तेवढ्यात चुलतभाऊ बबन, ज्याचा डीजेचा धंदा, त्यानं मध्येच बेस सोडला. भिमाबाईचा सूर त्यात गटांगळ्या खाऊन बुडाला. तेव्हापासून ती बबनच्या सावलीला उभी राहत नाही.

तिनं फोनवर बाळाजीला बजावलं होतं. "बाला, देवाची सोडून पयली अक्षत माज्या दारात. दोघा नवरा-बायकोनी यायचा. वाटंत दुसऱ्या कोनाला दिलीस, तर पोराचा धवला बबन्याच्या भोंग्यातून ऐक."

एवढंच सांभाळायचं होतं. घरातून निघायचं, कुठं अक्षत न देता बदलापूर गाठायचं. लहान पोर पण करील असं काम.

निघताना कौसाबाई, म्हणजे बाळाजीची बायको, म्हणाली, "रिक्षा करू ना."

"पोराची एवढी गाडी दारात आन आपन रिक्षानं? भिमी तोंडात शेन घालील."

सुयोगनं बापाला दहा सूचना दिल्या. टेरिकॉटची पँट नको, सुती घाला, गरम इंजिनला टेरिकॉट चिकटतं. ओला टॉवेल मानेला गुंडाळा. पाणी पीत राहा. मांड्यांनी टाकी आवळू नका. "आणि मेन म्हणजे, थांबू नका पप्पा. चालत राहिली की वारा लागतो. थांबली की तापते."

बाळाजीनं सगळं ऐकलं, पण शेवटचं फारच मनावर घेतलं. घोळ त्या शेवटच्यानं झाला.

निघाली जोडी. बाळाजीनं पांढरा झब्बा-पायजमा घातला, मानेला ओला टॉवेल, डोक्याला सुयोगचं राक्षसाच्या तोंडाचं हेल्मेट. मागं कौसाबाई हिरवं नऊवारी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली. एका हातात कुंकू-अक्षतांची वाटी, दुसऱ्या हातात उघडी छत्री. छत्रीत वारा भरला की गाडी डावीकडं ओढायची.

"कौसे, मिट ती छत्री! आपन उडू!"

"उडलो तर लवकर पोचू."

कारखाने मागं पडेपर्यंत मजेत गेलं. टॉवेल गार, वारा गार, बाळाजी मनातल्या मनात पोराला माफ करत होता. आणि चिखलोली आली. पुढं जेसीबी, त्याच्या पुढं खड्डा, खड्ड्याच्या पुढं मातीचा ढीग आणि ढिगाच्या पलीकडं, एक कमी पडला म्हणून, दुसरा खड्डा. अलीकडं रिक्षा, टेम्पो, पाण्याचे टँकर, सगळे एकमेकांच्या मागं तोंड घालून उभे. गाडी थांबली. टाकीखालून आवाज आला, घुर्रर्र. इंजिनापुढचा पंखा सुरू झाला आणि आतली सगळी आग त्यानं बाळाजीच्या उजव्या मांडीवर ओतली.

"आई गं!"

"काय झाला?"

"बॉयलर बरा होता. त्याला दार तरी होता."

शेजारच्या रिक्षातून एक बाई ओरडली, "ओ काका, तुमची गाडी आमच्यावर का फुंकतेय? आम्ही काय पापड आहोत भाजायला?"

बाळाजीनं घाईघाईनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. इंजिन गप्प झालं, पंखा नाही झाला. चावी काढून हातात घेतली, तरी पंखा आपला फिरतोय. लिक्विड कूल्डवाल्या गाड्यांचं तसंच असतं, इंजिन बंद झाल्यावरही तो आपलं काम उरकतो. पण हे सुयोगनं सांगितलं नव्हतं. बाळाजीला घाम फुटला.

"कौसे, चावी माज्या हातात हाय. मंग ह्याला फिरवतंय कोन?"

"भिमाबाय," कौसाबाई म्हणाली. तिला काही लागत नव्हतं. तिचे पाय डाव्या बाजूला, वर छत्री. बायका एका बाजूला बसतात त्याला लोक मागासलेपण म्हणतात. म्हणोत.

आता बाळाजीला पोराचं वाक्य आठवलं. थांबू नका. पुढं जायला जागा नाही, मागं टँकर. डावीकडं मात्र एका नव्या टॉवरवाल्या सोसायटीचं गेट उघडं दिसलं. त्यानं चावी लावली आणि गाडी आत घातली. आत मधोमध छोटी बाग, तिच्याभोवती गुळगुळीत रस्ता, चिटपाखरू नाही. तुम्ही न खणलेला एवढाच रस्ता उरला असावा. बाळाजी बागेभोवती फिरायला लागला. एक फेरी, दुसरी फेरी. मांडीला वारा लागला, जिवात जीव आला.

"लगन पोराचा हाय," कौसाबाई मागून म्हणाली, "फेरं तुमी कशाला घेताव?"

"थंड होऊ दे जरा."

वॉचमन खुर्ची सोडून आला. "किसके पास जाना है?"

"किसीके पास नहीं!" बाळाजी त्याच्या समोरून जाता जाता म्हणाला. पुढच्या फेरीला वॉचमननं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या फेरीला तो शिट्टी वाजवत मागं धावत होता. पण हळू फेऱ्या घालून एवढी तापलेली गाडी कुठं निवते? पुढ्यातला लाल दिवा लागला, गाडीनं एक उचकी दिली आणि 'बी' विंगसमोर उभी राहिली. आणि वरून आवाज आला.

"बालादादाऽऽ! अरे ए बालादादा! विंग शोधतोस काय? हीच, हीच!"

तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बनियनवर बबन उभा होता.

बबननं चिखलोलीत फ्लॅट घेतल्याचं बाळाजीला माहीत होतं. पण हे सगळे टॉवर एकाच साच्यातून काढलेले. कोण कुठल्यात राहतो ते पोस्टमनला कळत नाही, बाळाजीला काय कळणार?

"गाडीवर पानी वतून इथूनच पळू," कौसाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"गरम इंजिनावर पानी नाय वतायचा. तडा जातो."

"नात्याला जाईल त्याचा काय?"

तोवर बबन लिफ्टनं खाली आला होता. बाळाजी लंगडत होता. बबननं त्याला जवळजवळ उचलूनच वर नेलं. हॉलमध्ये एसी चालू. बबनच्या बायकोनं, तुळशीनं, पाय बघितला. गुडघ्याच्या वर तळहाताएवढा लाल चट्टा. तिनं निळ्या बादलीत गार पाणी आणून त्यात पाय सोडायला लावला, वर लोट्यानं पाणी ओतलं, हातात ताकाचा ग्लास दिला. बाळाजीचे डोळे मिटले. स्वर्गात गेलेल्या माणसाला खाली काय वचन देऊन आलो ते आठवत नाही.

आणि मग तुळशीची नजर कौसाबाईच्या हातातल्या वाटीवर गेली. "अगो बाय! अक्षता घेऊन आलाव!"

आता सांगा. कुंकू-अक्षतांची वाटी हातात घेऊन तुम्ही कुणाच्या घरात शिरलात, त्यांचं ताक प्यायलात, त्यांच्या बादलीत पाय बुडवलात, आणि "ही तुमच्यासाठी नाही" म्हणून उठलात, तर गावात तोंड दाखवाल? कौसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा एसीकडं बघत होता.

"दादा," बबननं बाळाजीचा हात धरला, "पयली अक्षत का रं?"

बाळाजीला खोटं बोलता येत नाही. ताकाचा घोट गिळून तो म्हणाला, "तशी... पयलीच."

बबननं मोबाईल काढला आणि भावकीच्या ग्रुपवर फोटो टाकला. बाळाजी पायजमा वर करून, पाय निळ्या बादलीत, अक्षता देताना. खाली लिहिलं, 'सुयोगच्या लग्नाची पहिली अक्षत आमच्या दारी. धन्यवाद बाळादादा. डीजे फ्री.'

ऊन कलल्यावर गाडी निवली आणि सोसायटीच्या मागच्या कच्च्या वाटेनं दोघं बदलापूर गावात पोचले. भिमाबाई दारातच बसली होती. मांडीवर मोबाईल.

"ये," ती म्हणाली. "पाय सुकला का?"

बाळाजी घामानं भिजला होता, तो आणखी भिजला. "भिमे, ऐक तरी. गाडी तापली गो."

"तापली? गाडीच होती ना? का चूल होती?"

"रस्ता खनलाय. गाडी उभी ऱ्हायली का मांडी भाजते. हा बघ चट्टा."

"चट्टा फोटोत बघितला मी. सगल्या भावकीनी बघितला." भिमाबाई उठली, पदर खोचला. "कौसे, तू हितं पंख्याखाली बस. ती वाटी मना दे. चल बाला, मना दाव. खरा असल तर बघू. खोटा असल तर पयली हळद बबन्याच्या हातानी लाव."

आणि ती गाडीवर बसली. एका बाजूला नाही. दोन्हीकडं पाय टाकून, लुगड्याचा काष्टा मारलेला, जशी पूर्वी बैलगाडीच्या धुरीवर बसायची तशी. बाळाजीनं रस्त्यानं गाडी घेतली, ती थेट खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जॅममध्ये अडकली. उन्हाची धग उतरली होती, इंजिनाची नाही. घुर्रर्र. भिमाबाई जरा मागं सरकली. मग तिनं उजवा पाय उचलला. मग डावा. मग दोन्ही उचलून बाळाजीच्या खांद्याला गच्च धरलं.

"बाला! अरं, ही गाडी हाय का कुंभाराचा आवा पेटवलाय!"

"मी काय सांगत होतो?"

ती उतरली आणि वाटी घेऊन तरातरा जेसीबीपुढं गेली. पिवळी टोपी घातलेला एक मुकादम पाणी पीत होता.

"कोनी खनलाय रे ह्यो?"

"आजी, आम्ही फक्त खणतो. बुजवणारे वेगळे."

"ते कवा येतील?"

"त्यांचं टेंडर निघायचंय."

"आन तुला खनाया कोनी सांगितला?"

"वरून."

भिमाबाईनं वर बघितलं. वर कावळा होता. तिनं डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि जेसीबीच्या तोंडासमोर धवला लावला.

*कोनी खनिला गो, कोनी खनिला,*
*माज्या भावाचा रस्ता कोनी खनिला?*
*मुकादम बोले सायबानी खनिला,*
*सायब बोले मना ठावं नाय, कोनी खनिला?*

जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं. रिक्षातल्या बायकांनी दुसरी ओळ उचलली. एका टेम्पोवाल्यानं हॉर्नवर ताल धरला. बबनचा सगळा बेस एकीकडं आणि तो गळा एकीकडं. गाणं संपलं तेव्हा पंखा पण थांबला होता.

"बाला," भिमाबाई म्हणाली, "बबन्याची अक्षत पयली नाय. तू तिथं आवतनाला गेला नव्हतास, भाजला म्हनून गेलास. माजी पन आता पयली नाय. लगनात आधी विघ्नाला आवतन देतात, मंग मानसाला. ह्यो खड्डा ज्याचा हाय, पयली अक्षत त्याची. दुसरी माजी. बबन्या तिसरा."

बाळाजीनं हात जोडले. "म्हंजे तू येतेस?"

"पयली पोचली का येते. मान चुकला तर मी पाऊल नाय टाकत. नेम तो नेम."

तेव्हापासून बाळाजी एक कोरी पत्रिका आणि पुडीत बांधलेल्या अक्षता घेऊन हिंडतोय. एका ऑफिसात गेला, तिथं म्हणाले रस्ता आमचा, खड्डा आमचा नाही. दुसऱ्या ऑफिसात म्हणाले खड्डा आमच्या पाइपसाठी आहे, पण खणला आम्ही नाही. तिसऱ्या ऑफिसात साहेब जागेवर नव्हते, पंखा मात्र चालू होता. बाळाजी म्हणाला, हा पण लिक्विड कूल्ड दिसतो.

परवा हळद आहे. मांडव पडलाय. धवलारीण बदलापुरात तोंड फिरवून बसलीय आणि बबन स्पीकर पुसतोय. पत्रिका छान आहे, आहेर नको, जेवायला मटण-भाकरी आहे, बसायला कूलरसमोरची खुर्ची देऊ. वर फक्त नाव लिहायचं राहिलंय. बाळाजी बहुतेक तुमच्याच ऑफिसच्या गेटबाहेर उन्हात उभा आहे आणि त्याची दुसरी मांडी पण तापायला लागलीय.

खड्डा कुणाचा? नाव सांगा.