माझ्या पाठीवरची खडूची फुली

मित्रांनो, मी एक जुनी, झिजलेली क्लच प्लेट आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही माझी गोष्ट का ऐकता आहात, हा प्रश्नसुद्धा माझ्या मनात येऊन गेला आहे.

पण दोष माझा एकटीचा नाही. माझी जागाच तशी होती. माझ्या एका अंगाला इंजिनाचे जड चाक गरगर फिरायचे आणि दुसऱ्या अंगाला प्रेशर प्लेट, म्हणजे मला त्या चाकावर दाबून धरणारी लोखंडी झाकणी. पेडल दाबले की मी सुटायचे, सोडले की मी चिकटायचे आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पोचवायचे. दोघांच्या मधे अंधारात जन्म काढणारीचा कोणावर विश्वास बसणार?

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी कातडी जाड आणि खरखरीत होती. मला एका शिंप्याच्या गाडीत बसवले. सगळे त्याला मास्तर म्हणत. शिवलेले गणवेश आणि इस्पितळाचे पांढरे कोट पोचवायला आम्ही गावभर हिंडायचो. चढावर गाडी न अडखळता निघाली की मास्तर म्हणायचा, "काय इंजिन आहे, वा!" चौदा वर्षांत माझे नाव त्याने एकदाही घेतले नाही. मला ते लागायचे, खोटे कशाला बोलू?

त्यात मास्तरचा पाय. शिलाई मशीनवर सवय झालेला तो पाय गाडीतही पेडलवरून उठायचा नाही. सारखा आपला हलकासा दाब. मी ना धड सुटायचे, ना धड चिकटायचे. घासून घासून माझी कातडी पातळ झाली. शेवटी इस्पितळाच्या चढावर इंजिन नुसते ओरडले आणि गाडी जागची हलेना. करपल्याचा वास सुटला.

"पेट्रोलात भेसळ आहे," मास्तर म्हणाला.

"बाबा, क्लच गेलाय," शेजारी बसलेली त्याची लेक म्हणाली. ती दुकानात काजे-बटणे करायची आणि गाडीचे बाबापेक्षा जास्त जाणायची.

मास्तरचा गॅरेजवाल्यांवर विश्वास नव्हता. चांगले भाग काढून घेतात आणि जुने बसवतात, असे त्याचे ठाम मत. तेव्हा काम घरीच करायचे ठरले. नवी प्लेट मात्र आणावी लागली त्याच्या धाकट्या भावाकडून, कारण गावात गाडीच्या सुट्या भागांचे दुकान त्याचे एकट्याचेच होते. या भावाने पूर्वी एकदा मास्तरला शिलाई मशीनची मोटर दिली होती. ती पंधरा दिवसांत जळाली. तेव्हापासून भावाने दिलेली वस्तू मास्तर उजेडात धरून दोनदा बघायचा.

भाऊ खोके घेऊन घरी आला. खोके एका बाजूने उघडलेले होते.

"हे फोडलं कोणी?" मास्तरने विचारले.

"मीच. मधल्या भोकाचे दाते तुझ्या गाडीला जुळतात का ते पाहायला. दादा, मी उद्या येतो, दोघं मिळून बसवू."

"नको. आम्ही बघतो."

भाऊ गेला. मास्तर लेकीला हळूच म्हणाला, "वापरलेली असणार. नाहीतर खोकं कशाला फोडेल?" गाडीच्या पोटात बसून मी मनातल्या मनात मान डोलावली. मलाही तसेच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी जॅकवर चढवून खाली भक्कम टेकू लावले. माझ्या झिजलेल्या कातडीची धूळ आत जाऊ नये म्हणून बापलेकीने नाकावर कापडाच्या पट्ट्या बांधल्या. बॅटरीची तार काढली, चाकांकडे जाणारे दांडे काढले आणि गिअरबॉक्स हळूहळू उतरवून जुन्या गादीवर ठेवला. प्रेशर प्लेटचे बोल्ट सुटले आणि चौदा वर्षांनी मी उजेड पाहिला. लेकीने मला हातात घेतले. तिच्याकडे तोंड असलेल्या माझ्या बाजूवर तिने शिंप्याच्या खडूने फुली मारली. जुना कपडा उसवताना वरच्या बाजूला फुली मारायची, हे तिला बाबानेच लहानपणी शिकवले होते. ती फुली मला मात्र भंगारात काढल्याची खूण वाटली. मग मला चिंध्यांच्या ढिगावर टाकले आणि वरून आणखी चिंध्या पडल्या.

फटीतून मी नव्या प्लेटकडे बघत होते. चकचकीत, कातडी जाड, एक ओरखडा नाही. वापरलेली बिलकूल नव्हती. माझा संशय खोटा ठरला, याचेच मला वाईट वाटले.

आता नीट ऐका. आम्हा प्लेटांची एक बाजू सपाट असते आणि दुसऱ्या बाजूला मधोमध स्प्रिंगांचा फुगवटा असतो. फुगवटा गिअरबॉक्सकडे, म्हणजे बसवणाऱ्याकडे यावा लागतो. मास्तरने प्लेट हातात फिरवून पाहिली. आयुष्यभर त्याने शिवण, दोरे, गाठी आत ढकलल्या होत्या आणि साफ बाजू बाहेर ठेवली होती. त्याच हाताने त्याने फुगवटा आत घातला आणि सपाट बाजू बाहेर. लेक तेव्हा बोल्ट पुसत होती. काठीला कापडाच्या पट्ट्या गुंडाळून त्याने प्लेट बरोबर मध्यावर आणली आणि खूश होऊन म्हणाला, "बघ, कशी सुबक बसली!"

मी चिंध्यांखालून ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे?

संध्याकाळ व्हायच्या आत सगळे जोडून झाले. मास्तरने इंजिन सुरू केले आणि पेडल दाबले. गिअर पडेना. आतून खर्रर असा आवाज आला. त्याने झटकन इंजिन बंद केले. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"फसवलं मला! सख्ख्या भावानं दुसऱ्यांदा फसवलं! लाव फोन त्याला. म्हणावं, ये आणि तुझी प्लेट घेऊन जा. त्यानंतर या घराची पायरी चढायची नाही."

"बाबा, आधी उघडून तर बघू."

"फोन लाव म्हटलं ना!"

लेकीने फोन लावला. "काका, प्लेट चालत नाहीये, लगेच या," एवढेच ती बोलली. पायरीचे तिने पोटातच ठेवले. मग हात पुसायला चिंधी ओढली आणि मी खणकन फरशीवर पडले, फुली वर करून.

ती माझ्याकडे बघत राहिली. फुलीच्या बाजूला फुगवटा होता.

"बाबा, नवीची कुठली बाजू आपल्याकडे ठेवलीत?"

"साफ बाजू. दुसरी कुठली?"

तिने मला त्याच्यासमोर धरले. मास्तरने फुलीवरून बोट फिरवले, फुगवट्यावरून फिरवले आणि तो बाजूला काढून ठेवलेल्या चाकावर मटकन बसला. तेवढ्यात फाटक वाजले. भाऊ धापा टाकत आत आला. त्याच्या काखेत दुसरे खोके होते.

"दादा, पहिली खराब निघाली असेल. माझीच चूक, मी नीट तपासायला हवी होती. ही घे."

मित्रांनो, त्या क्षणी माझी खात्रीच होती. मास्तर आता गप्प बसणार. भाऊ आपणहून दोष घेत होता. मला पुन्हा चिंध्यांखाली सरकवले असते तर त्याला काही कळलेही नसते. मास्तरने मला हातात घट्ट धरले होते.

"प्लेट चांगली आहे," तो म्हणाला. "मी उलटी बसवली. आणि आम्ही उघडून बघायच्या आधीच तुला चोर ठरवलं. पायरी चढू नको म्हणणार होतो."

भावाने खोके खाली ठेवले.

"त्या मोटरपासूनच ना?" त्याने विचारले.

"हो."

"ती मोटर माझ्याच दुकानातल्या, सीटची कव्हरं शिवायच्या मशीनची होती, दादा. मी स्वतःची काढून दिली होती. तुझं काम अडलं होतं ना."

मास्तरच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्याने ग्रीसच्या हाताने पुसले आणि तोंड काळे करून घेतले. लेक फिसकन हसली. भाऊ बाह्या दुमडत म्हणाला, "आता तरी मदतीला येऊ का?"

"धर तो जॅक," मास्तर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून ती प्लेट सुलटी केली आणि गाडी इस्पितळाचा चढ चढली. मास्तरचा डावा पाय या वेळी पेडलपासून दूर होता, असे लेकीने घरी आल्यावर सांगितले.

मला भंगारात टाकले नाही. मी आता मास्तरच्या कापायच्या टेबलावर असते, कागदी नमुने उडू नयेत म्हणून. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. झिजलेली वस्तू काढाल तेव्हा ती लगेच फेकू नका, आणि तिची कुठली बाजू तुमच्याकडे होती ते लिहून ठेवा. माणसावर संशय घ्यायचा झाला, तर आधी उघडून बघा. मी हे चौदा वर्षे झिजून शिकले. पाठीवरची फुली अजून तशीच आहे, कारण मास्तर ती कोणाला पुसू देत नाही.