दह्यातले पाय

थू! पायाले दही लावते का कोनी?

मी दगडावर बसली होती, पाय परातीत, अन् माही जाऊ कौशल्या दह्यात बोट बुडवून माह्या टाचेच्या भेगाइत भरून राहिली होती. दही सकाळचंच. असं कवडीदार लागलं होतं का पाहूनच भाकर आठवावी. वरून तिनं मध टाकला, पिकलं केळ कुस्करलं, बेसन भुरकवलं.

"कौशल्ये, शिसारी येते वं मले. हे खायाचं आहे."

"बाई, हलू नोका. हे सारं नॅचरल आहे. आमच्या नागपूरच्या बाया हेच लावतेत. पाय कसे लोन्यासारखे होतेत."

"अन् त्या बाया खातेत काय मंग? माती?"

चेतन ओट्यावर मोबाइल पाहत बसला होता. माहा एकुलता एक पोरगा. मौद्याले नोकरीले आहे, अन् नागपूरच्या काजलसंग त्याचं लगन जुळलं होतं. तो मान वर न करता म्हने, "आई, नाटकं नोको करू. तुह्या टाचा पाहून मलेच कसंतरी होते. पावन्याइले काय वाटन?"

आता हे पायाचं खूळ कुठून आलं, तं सांगतो. आमच्यात मांडवात नवरीची माय नवरदेवाच्या मायले पाटावर बसवते अन् तिचे पाय धुते. साऱ्या जन्मात बाईमानसाचा एवढा मान एकदाच होते. माह्या सासूनं तो घेतला, तिच्या सासूनं घेतला. मी बांधीतल्या चिखलात धानाचा रोवना करताना मनातल्या मनात कितीकदा त्या पाटावर जाऊन बसली असन. पन माहे पाय म्हंजे धानाच्या बांधीतले पाय. पावसाळ्यात बोटाइच्या बेचक्यात चिखल्या, हिवाळ्यात टाचेले भेगा. अन् पोरगा म्हने, शूटिंगवाला येनार, पाय मोठे करून दाखवनार. पाय चांगले झाले तं तू बस, नाई तं काकू बसन.

काकू म्हंजे हेच कौशल्या. मी जनलं, अन् पाटावर ते बसन! मनातल्या मनात लय शिव्या देल्या मी. पन मले पाटावर बसाचं होतं ना. पाय देले परातीत.

मंग रोजच सुरू झालं ते. माश्या घोंगावे. मुंग्याइची रांग चुलीपासून माह्या अंगठ्यापर्यंत. एक दिवस माहा डोळा लागला तं शेजारचं कुत्रं येऊन सारं चाटून गेलं, अन् कौशल्या म्हने, असू द्या बाई, लेप लावून झालाच होता.

एका दुपारी चेतनचा बाप वावरातून आला. भाकर घेऊन बसला अन् म्हने, "दही कुठं गेलं वं?"

"पायाले."

त्यानं माह्या पायाकडं पाहिलं. मंग हातातला घास ताटात ठेवला, चूळ भरली अन् बाहेर निघून गेला. त्या मानसाले दह्याबिगर जेवन जात नाई. मले एवढी लाज कधी वाटली नव्हती.

चेतननं माहं वावरात जानं बंद केलं. घरातबी मोजे घालून फिरवे. हळूहळू सारं जाड कातडं निघून गेलं अन् खालून जे निघालं ते पाहून मलेच घान वाटे. गुलाबी, नरम, उंदराच्या पिल्लावानी. अंगनातला बारीक खडाबी टोचे. चेतन मात्र खूश. फोटो काढून काजलले पाठवे.

अन् नेमकं तवाच आभाळ आलं. धान कापून त्याच्या कडपा वाळाले बांधीत पसरल्या होत्या. भिजल्या असत्या तं जागीच कोंब फुटले असते. चेतनचा बाप एकलाच भारे बांधून राहिला होता. मी काय मोजे घालून घरात बसू? निघाली तशीच. वावराच्या धुऱ्यावर चप्पल काढली. हो, काढली! कापल्या धानात चप्पल घालून कोनी जाते का? लक्ष्मी आहे ते. आजपर्यंत आमच्या गावात कोनी गेलं नाई. मी तं साऱ्या जन्मात त्या धसकटाइवर उघड्या पायानं चालली, कधी काटा रुतल्यावानी वाटलं नाई. पन ते पाय आता होते कुठं? चारदोन भारे उचलले नाईत तं एक धसकट टाचेत घुसलं ते थेट आतमंधी.

चेतनचा बाप धावत आला. रक्त पाहून म्हने, "हे तुहेच पाय आहेत का वं?"

"होते," म्हटलं मी.

मंग काय, पाय सुजला. कौशल्यानं त्याच्यावरबी मध अन् केळाचं साल बांधलं, नॅचरल म्हनून. आतून पू झाला. असा वास सुटला का मी सोता तोंड फिरवून बसे. कुहीच्या डॉक्टरनं चिरा देला अन् म्हने, "बाई, याले रोज मिठाच्या कोमट पान्यानं धुवा, बाकी काही लावू नोका."

चेतन दवाखान्याच्या दारातच नाकाले रुमाल लावून उभा. घरी आल्यावर म्हने, "आई, तू आराम कर. पाटावर काकू बसन."

"काहून?"

"कसं दिसते ते? वास येऊन राहिला तुह्या पायाचा."

तोंडात थुकी जमा झाली होती, ते गिळली.

लगनाच्या दिवशी मले मांडवाच्या मांगं एका खुर्चीवर बसवलं. पायाले फडकं. इकडं पाट मांडला, रांगोळी काढली, कौशल्या नवं लुगडं सावरत बसली. पाय काय तिचे! आरशावानी. शूटिंगवाला वाकला. नवरीची माय, म्हंजे माही ईहीन, गडू घेऊन आली, कौशल्याकडं पाहिलं अन् तिथंच थांबली.

"ह्या कोन? माही ईहीन कुठं आहे?"

"आईचा पाय दुखते," चेतन घाईघाईनं म्हने, "काकू बसन आज."

"मंग मी थांबतो. पाय धुवीन तं ईहीनबाईचेच."

मी उठली. लंगडत लंगडत गेली. कौशल्या पाटावरून सरकली, बिचारीचं तोंड एवढुसं झालं. मी बसली अन् फडकं सोडलं. वास सुटलाच. ईहीनबाईचा हात गडूवर तसाच थबकला. तिचा दोष नाई, कोनालेबी मळमळलं असतं. शूटिंगवाला दोन पावलं मांगं झाला. अन् माहा पोरगा, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, त्यानं पहिलं काय केलं असन? नाक दाबलं.

माहं डोस्कंच सरकलं.

"ईहीनबाई," मी म्हटलं, "तुमी नोका धुवू. तुमचा मान मले पोचला. ज्यानं हे पाय असे केले, तोच धुवन. ये गा चेतन, बस खाली."

"आई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. त्याच्यासाठीच तं होतं ना सारं? बस!"

बसला. पानी टाकलं, पन एक हात नाकावरच.

"नाक सोड," मी म्हटलं. "तुही हगलेली दुपटी धुताना म्या नाक दाबलं नव्हतं. दोन्ही हात लागतेत मायचे पाय धुवाले."

त्यानं नाक सोडलं. दोन्ही हातानं धुतलं, जखमेच्या कडंकडंनं, पू पुसून. त्याचे डोळे भरले का वासानं पानी आलं, मले मालूम नाई, अन् म्या इचारलंबी नाई. ईहीनबाईनं वरून कुंकू लावलं. शूटिंगवाल्याले मीच म्हटलं, "घे गा, जवळून घे."

मंग पंगत बसली. माह्या एका बाजूनं कौशल्या, दुसऱ्या बाजूनं नवरदेव-नवरी. वाढनारा मठ्ठा घेऊन आला. मले त्या वासानंच ओकारी आली. तवापासून दही-ताक माह्या घशाखाली उतरतच नाई.

"घ्या ना बाई," कौशल्या म्हने, "ताजा आहे."

"माह्या पायाले लावलं तेबी ताजंच होतं."

वाढनारा पुढं सरकला. चेतनच्या वाटीत ओतनार, तं त्यानं वाटीवर हात ठेवला.

"काहून गा?" मी इचारलं.

"नोको आई," तो खाली पाहत म्हने, "वास येते."