उन्हात ऐकायचा जाळ

"व्यंकट यायलाय म्हणं, वहिनी. येळवसच्या आधी. कायमचाच यायलाय. पण तो काय आता पहिल्यासारखा..."

आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं.

नौबादच्या आमच्या गल्लीत पाणी आलं की बोलणं जिथं असेल तिथं टाकायचं आणि घागर उचलायची. कुसुमताईंनी तेच केलं. त्यांच्या वहिनी जानकीबाई "अगं, पहिल्यासारखा काय? सांग की पुढचं!" म्हणत राहिल्या, पण घागरींच्या खणखणाटात कोण ऐकतंय! मी मात्र खिडकीजवळच्या फळीवर कान टवकारून बसले ती बसलेच. त्या दिवशी उरलेलं वाक्य काही माझ्यापर्यंत आलं नाही.

तुम्ही विचाराल, दुसऱ्यांचं बोलणं ऐकणारी ही बया कोण? बाबांनो, मी एक शेगडी आहे. गॅसची, घडीच्या पायांची, वर लोखंडी जाळी असलेली. पाय दुमडले की पेटीसारखी हातात धरून कुठंही न्यावी, अशी. वर्षातला एक दिवस, येळवसचा, मी शेतात असते आणि बाकीचं वर्ष फळीवर. मग ऐकण्यावाचून दुसरं करू तरी काय?

जन्म कुठं झाला ते नीट सांगता यायचं नाही. पोटावर परक्या लिपीतली अक्षरं होती, ती घासून घासून गेली. बहात्तरच्या दुष्काळात बोअर पाडणाऱ्या एका कंपनीचा तळ नौबादच्या माळावर पडला होता. तिथल्या परदेशी साहेबाच्या सामानातून मी आले. तो संध्याकाळी तंबूपुढे मला मांडायचा आणि मटणाचे तुकडे भाजायचा. मला पुसायचं, लावायचं काम व्यंकटकडं होतं. तो रिगवर, म्हणजे बोअर पाडायच्या मशीनवर, मदतनीस होता. अंगानं किडकिडीत, पण हाताला नट-बोल्टची फार माया.

तळ उठला तेव्हा साहेबानं मला व्यंकटच्या हातात दिलं आणि पाठीवर थाप मारून निघून गेला. व्यंकटनं मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. नवी नवरी असलेल्या शोभाबाईनं मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"हे काय आणलाव? मी गौऱ्या मागितल्या होत्या."

"ही गाणं म्हणती," व्यंकट म्हणाला.

"व्हय, अन् भाकरी मी थापू!"

गाणं म्हणजे माझ्या जाळाचा आवाज. हैदराबादहून छोटी टाकी भरून आणली, नळी जोडली, चावी सोडली, काडी लावली, की आधी भप्प, आणि मग बारीक, सरळ सूऽऽ. व्यंकट जाळ बघायचा नाही, ऐकायचा. शोभाबाईनं एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "घरात दिसतोय ग. शेतात उन्हात हिचा जाळ दिसत न्हाई. तिथं ऐकावाच लागतोय. सरळ बोलायली तर बरी हाय. फडफडायली की समजायचं, हिचा कुठंतरी दम कोंडलाय."

माझा दम असा ओळखणारा माणूस मला पुन्हा कुणी भेटला नाही. म्हणजे, बऱ्याच दिवसांपर्यंत नाही.

शेत जानकीबाईंचं. त्यांचे यजमान नरहरराव शाळेत मास्तर. शेत वाट्यानं दिलेलं, पण येळवसला सगळी गल्ली त्यांच्या शेतात. मार्गशीर्षाच्या अवसेला आमच्या भागात घरात कोण थांबतंय? कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, घोंगडीत गुंडाळून आणलेलं आंबिलाचं मडकं. वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाका मारून बसवायचं.

पहिल्या वर्षी जानकीबाईंनी व्यंकटला बोलावणं धाडलं तेव्हा तो हसून म्हणाला, "अक्का, पूजा तुमची. भज्जी आमची." त्याच्या घरी बापाच्या काळातच बुद्धाची तसबीर आली होती. पूजा होईपर्यंत ही दोघं बांधावर थांबायची आणि पंगतीला पुढं यायची. त्यात कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते माझ्या जाळीचं.

"व्यंकट, हिच्यावर साहेब मटण भाजायचा म्हणतोस," जानकीबाई जरा चाचरत म्हणाल्या, "मग आमची वांगी..."

 पुढच्या वर्षी व्यंकट दुसरी जाळी करून घेऊन आला. ती जानकीबाईंची. वर्षभर दोन्ही जाळ्या माझ्यामागं वेगवेगळ्या खिळ्यांना टांगलेल्या असायच्या. शोभाबाईच्या मनाला ते लागलं होतं. ती जाळी घासताना जरा जोरातच घासायची.

नंतर व्यंकट आखातात गेला. तिकडंही बोअरचंच काम, वाळवंटात. जायच्या दिवशी त्यानं मला खाली काढलं, नळी चोळून बघितली आणि शोभाबाईला म्हणाला, "हिला दरसाल पेटवत जा. बंद पडू देऊ नको." बाई मान हलवून आत गेली आणि चुलीपाशी उगीच बसून राहिली.

त्या वर्षीच्या येळवसला तिनं एकटीनं मला शेतात आणलं. जसं बघितलं होतं तसं सगळं जोडलं. पण वर्षभरात माझ्या नळकांड्यात एका कोळ्यानं संसार थाटला होता, हे तिला कुठं ठाऊक! गॅस पुढं जाईना. मी फडफडले, खोकले, आणि जाळ उलटा चावीपाशी आला. शोभाबाई ओरडली, पदर हाताला गुंडाळून तिनं चावी फिरवली. चावी बंद झालीसुद्धा. पण जानकीबाईंना तेवढा धीर कुठला! त्यांनी घोंगडीतलं मडकं उचललं आणि सगळीच्या सगळी आंबील माझ्यावर ओतली.

ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं. सगळं माझ्या भोकाभोकात.  मग नरहरराव म्हणाले, "बरं झालं, आता हिलाच प्रसाद म्हणून वाटा." अशा हसल्या दोघी, अशा हसल्या, की हसता हसता शोभाबाई रडायला लागली. जानकीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "येतो ग तो," एवढंच म्हणाल्या.

गल्लीत मात्र बातमी फिरली की शोभाबाईची शेगडी फुटली आणि जानकीबाई भाजल्या. भाजलं कुणीच नव्हतं. मला आंबलेला वास मात्र बरेच दिवस यायचा.

त्यानंतर शोभाबाईनं मला शिकून घेतलं. नळकांडं काढून कोमट पाण्यात बुडवलं. एकेक भोक सुईनं उकरलं. उन्हात असं वाळवलं की आत थेंब राहू नये. टाकी जोडली की सांध्याला साबणाचा फेस लावायची; बुडबुडा आला की आटे पुन्हा आवळायची. पायांच्या बिजागरीला तेल, जाळीला गरम असतानाच अर्धा कांदा घासून वर तेलाचा हात. आणि कोळी पुन्हा शिरू नये म्हणून, चावीजवळ हवा आत घ्यायची माझी जी भोकं आहेत, त्यांच्यावर तिनं जुन्या लुगड्याची चिंधी दोऱ्यानं बांधली. येळवसला सोडायची, संध्याकाळी परत बांधायची. सुई टोचता टोचता ती माझ्याशी बोलायची. "कामून येत न्हाईत ग हे? पैसे धाडतेत, खुशाल हाय म्हणून कळवतेत. पण माणूस?" मला उत्तर देता आलं असतं तर दिलं असतं.

आता तुम्हाला कळेल, नळावरचं ते अर्धं वाक्य मला कसं टोचत राहिलं. पहिल्यासारखा काय? गल्लीनं ते आपापल्या परीनं पुरं केलं. कुणी म्हणालं, तिकडं दुसरी केली असेल. कुणी म्हणालं, पैशानं माणूस फिरतो. कुसुमताईंना कोपऱ्यावरच्या मडिवाळप्पा दुकानदारानं सांगितलं होतं आणि त्याला कुणा परत आलेल्या कामगारानं. पण दोघांनाही पुढचं धड सांगता येईना. ते शोभाबाईच्या कानावर गेलंच.  तिनं नवं पातळ काढलं होतं, ते घडी घालून परत पेटीत ठेवलं.

येळवसच्या आदल्या दिवशी व्यंकट आला. मोठी बॅग, केस कानावर पांढरे झालेले. त्याचा चुलतभाऊ गुंडेराव रस्त्यातूनच ओरडला, "अण्णा, जय भीम!" व्यंकटनं बघितलंही नाही, तसाच पुढं आला. गुंडेरावचा वर केलेला हात तसाच राहिला. घरात आल्यावर केवढ्या मोठ्यानं बोलायला लागला! "पाणी दे!" म्हणाला ते मडिवाळप्पाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. शोभाबाईनं मागून विचारलं, "जेवण वाढू का?" तर उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. ती ताट घेऊन समोर आली तेव्हा तो हसला. तिला हसू आलं नाही.

"साहेब होऊन आलाय," गल्ली म्हणाली. खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं. त्यानं मला फळीवरून काढलं, अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चांगली ठेवलीस की!" पण हेही ओरडूनच.

दुसऱ्या दिवशी शेतात ऊन चांगलं तापलं होतं. कोपीत नरहररावांची पूजा चालू होती. शोभाबाई विहिरीवर वांगी धूत होती. व्यंकट बांधाच्या कडेला बसला. मला मांडलं, टाकी जोडली आणि काडी लावली.

चिंधी सोडायची राहिली. ती काजळून माझ्याच रंगाची झाली होती आणि तिथं चिंधी असते हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? माझा दम कोंडला. मी फडफडले. उन्हात काही दिसत नव्हतं, म्हणून होता तेवढा जोर लावून फडफडले. त्यानं शांतपणे वर साहेबाची जाळी ठेवली आणि माझ्याकडं पाठ करून कांदा चिरायला बसला. मनात म्हटलं, अरे व्यंकट, ऐक की! नळकांड्यातला खडासुद्धा ऐकायचास ना तू?

विहिरीवरून शोभाबाईनं ऐकलं.

"अहो! बंद करा! फडफडायलीय!"

तो कांदा चिरत होता.

"अहो! व्यंकटराव!" कधी नाही ते तिनं नाव घेतलं. वांगी टाकून धावत आली, पदर गुंडाळून चावी बंद केली. चिंधीला नुकतीच आच लागली होती, ती ओढून पायाखाली विझवली. तेव्हा कुठं व्यंकटनं वळून बघितलं. आधी धूर बघितला, मग तिचं तोंड.

शोभाबाई त्याच्यामागं जाऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "अहो." मग जरा मोठ्यानं, "अहो." तो तसाच बसून होता. ती पुढं आली आणि त्याच्यासमोर खालीच बसली.

"कधीपासनं?" तिनं कानाला हात लावून विचारलं.

त्यानं मान खाली घातली. आल्यापासून पहिल्यांदा हळू बोलला. "लई दिवस झाले. रिग दिवसरात्र कानाशी गर्जायची. आधी पाखरांचं ऐकू येईना. मग माणसांचं. बहिऱ्याला मशीनवर कोण ठेवतंय? दिलं धाडून." मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "तुला कसं कळवू, शोभा? हिचं गाणं मीच तुला ऐकवलं होतं."

शोभाबाई रडली नाही. तिनं भोकं पुसली, फेस लावून सांधे बघितले, काडी लावली. मी सरळ बोलायला लागले. मग तिनं त्याचा हात धरला आणि माझ्या पायावर, जाळापासून लांब, थंड असतो तिथं ठेवला. माझ्या पायात तेव्हा एक बारीक, एकसारखी थरथर असते. जाळ बिघडला की तीही बिघडते. सुईनं माझं भोकन्‌भोक उकरणाऱ्या बाईला हे माहीत असायचंच.

"हं," व्यंकट म्हणाला. हात तसाच ठेवून बराच वेळ बसला. "बोलायलीय."

तेवढ्यात धूर बघून जानकीबाई कोपीतून मडकं घेऊन धावत आल्या. शोभाबाई उठून आडवी झाली. "अक्का, आंबील नका वतू! विझलंय, विझलंय!" व्यंकटला काही ऐकू आलं नाही, पण मडकं आणि शोभाबाईचे आडवे हात बघून तो हसायला लागला. मग शोभाबाईनं कानाला हात लावून सांगितलं, तेव्हा जानकीबाईंना सगळं कळलं. मडकं खाली ठेवून त्या बांधावरच बसल्या. मग उठून विहिरीवरची वांग्यांची पाटी आणली आणि म्हणाल्या, "भाज बाई आता, भुका लागल्यात."

"तुमची जाळी पिशवीत हाय, अक्का. काढते."

"राहू दे. आहे त्या जाळीवर भाज."

शोभाबाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि वांगी मांडली. पंगतीत गुंडेरावच्या शेजारी व्यंकट बसला. गुंडेरावनं आता त्याच्यासमोर येऊन दोन्ही हात जोडले. व्यंकटनं केवढ्यांदा "जय भीम!" म्हटलं, की कोपीवरची चिमणी उडाली.

त्यालाही आता काही वर्षं झाली. माझा रंग उडालाय, एक पाय गजाचा आहे, अंगाला अजून कधीमधी लसणाचा वास येतो. दोन जाळ्यांतली कोणती कुणाची, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. व्यंकट मडिवाळप्पाच्या शेजारी स्टोव्ह दुरुस्त करतो, हातानं तपासतो. गिऱ्हाइकाचं बोलणं शोभाबाई ऐकते आणि त्याला खुणेनं सांगते. ती खूण चुकली की दोघं मोठ्यांदा भांडतात. म्हणजे तो मोठ्यांदा, आणि ती त्याच्यासाठी त्याहून मोठ्यांदा.

कुसुमताईंनी ते वाक्य अजून पुरं केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "मी म्हणलेच होते की!" म्हणाल्या होत्या खऱ्या. तो पहिल्यासारखा नाही, हे खरंच होतं. दुसरी बायको, फिरलेलं मन, साहेबी, हे गल्लीनं आपल्या पदरचं घातलेलं.

तुमच्याही घरात फळीवर माझ्यासारखं कुणी वर्षभर गप्प बसलेलं असेल, तर येळवसच्या आधी एकदा खाली काढा. नळकांड्यात कोळी आहे का बघा. चिंधी बांधली असेल तर आठवणीनं सोडा. आणि काडी लावल्यावर लगेच पाठ फिरवू नका. जरा थांबा, ऐका. ऐकू येत नसेल, तर हात ठेवून बघा.

चला, नळाला पाणी आलं. पलीकडं कुसुमताई काहीतरी सांगायला लागल्यात. मला ऐकलं पाहिजे.