तहुराचा जाडा आवाज

मी तहुरा खातूनची पेटी. दिसायला साधी लाकडी, पण मला चौकशा फार. शेजारी काय शिजतंय, कोण कुणावर रुसलंय, सगळं मला कळायला हवं असतं.

माझा जन्म ढाक्यातल्या शांखारीबाजारातला. निताय कारागिराने माझ्या पोटात एकेक सूर बसवला आणि तहुराचे आब्बा मला लाँचने बरिशालला घेऊन आले. तहुरा तेव्हा फ्रॉकमध्ये होती. आवाज मात्र जाडा, नदीवरून हाक मारावी तसा.

"पोरीचा गळा आहे की नावाड्याचा?" तिची आत्या नाक मुरडायची.

"नावाड्याचा तर नावाड्याचा," आब्बा म्हणायचे. "पैलतीराला पोचतो ना?"

त्या गळ्याने तिला ढाक्याच्या रेडिओवर नेलं. तिथे इद्रिस नावाच्या दिग्दर्शकाने तिला पाहिलं आणि सिनेमात घेतलं. मला वाटलं, आता पडद्यावर आमचंच गाणं! पण इद्रिसभाई म्हणाले, "चेहरा नायिकेचा आहे, आवाज नाही. गाणी मासुदा गाईल."

तोंड हिचं हलणार आणि गाणार भलतीच? हे कसं जमतं, याची मला भारी उत्सुकता. मासुदा आपाचा आवाज बारीक, गोड. ती काचेपलीकडे गायची. नंतर कॅमेऱ्यासमोर तहुरा ओठ हलवायची. लोक खूश! सिनेमामागून सिनेमे चालले. फक्त घरी तहुरा माझा भाता उघडायची, दोन सूर धरायची आणि मिटून टाकायची. तिने गाणंच सोडलं. मी आतल्या आत घुसमटून गेले.

मग एकदा मासुदा आपा तापाने आडवी झाली. चित्रीकरणासाठी भाड्याने घेतलेली नाव घाटावर येऊन थांबलेली आणि गाणंच तयार नाही. इद्रिसभाई वैतागून म्हणाले, "तहुरा, तूच गा. तात्पुरतं. नंतर बदलू."

अंगाईगीत होतं. तहुराने मला जवळ ओढलं. पहिली ओळ अडखळली, दुसरी सुटली आणि तिसरीला चहावाल्याच्या हातातली किटली तशीच राहिली.

बरी होऊन मासुदा आपा शाल पांघरून आली. तिने ते ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"इद्रिसभाई, हे पुसायला मला बोलावलंत?"

"अगं, लोकांना तुझा आवाज हवाय."

"हा ऐकलाय कुठे त्यांनी अजून?"

तहुरा फणकारली, "आपा, मला उपकार नकोत."

"उपकार कसले गं? मला हे असं जमणार नाही. मी गायले तर माझंच नाक कापलं जाईल." आणि ती चालती झाली.

निर्माता आरडाओरडा करत राहिला, पण दुसरी गायिका मिळेना. गाणं तसंच राहिलं. तहुराने मला नंतर सांगितलं, पहिल्या खेळाला कुणीतरी ओरडलं, "नायिकेला सर्दी झाली वाटतं!" थिएटर हसलं. तहुराने पदर तोंडात धरला. दुसऱ्या कडव्याला मात्र हसू विरलं. संपल्यावर तोच माणूस उठून म्हणाला, "ए भाई, पुन्हा लाव की!" त्यानंतर तिच्या गाण्यासाठी कुणी दुसरीला बोलावलं नाही.

आता तहुरा सत्तरीला आली. मालिकांत आजीची कामं करते. माझा भाता दोनदा बदललाय, एक काळी पट्टी रुसून बसलीय. आज आम्ही दोघी लाँचने बरिशालला निघालोय. डेकवर सतरंजी पसरलीय, वर छताचा पंखा घरघरतोय, मुरमुऱ्याची पुडी मधोमध. समोरच्या गृहस्थांनी तिला ओळखलंय आणि मघापासून त्यांची चुळबुळ चाललीय.

"खाला, रागावू नका," शेवटी ते म्हणालेच, "ती अंगाई खरंच तुम्हीच गायली होतीत?"

तहुराने हात पुसले. माझ्यावरचं कापड काढलं.

"बाळा, तो पंखा जरा बंद कर. आणि नीट बस."

तुम्हीही थोडं सरकून बसा. माझं बोलणं इथवरच. ती भाता उघडतेय.