वांडाच्या तीन पिढ्या

मुलाच्या लग्नाला सरळ 'नाही' म्हणणं शैलजाच्या स्वभावात नव्हतं. ती शिकलेली बाई. शिकागोच्या उपनगरात राहून तिला वीस वर्षं झाली होती, आणि महाराष्ट्र मंडळात 'आमच्याकडे जातपात, असलं काही नाही हो' हे वाक्य सर्वांत जास्त वेळा तीच म्हणायची. त्यामुळे २००४ च्या फेब्रुवारीत केदारनं वांडा जॅनिकला घरी आणलं, तेव्हा तिनं मुलीला शिरा खाऊ घातला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि मग गोड आवाजात म्हणाली, "आमच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी गुरुजी मुलीच्या तीन पिढ्यांची नावं घेतात. अमक्याची पणती, तमक्याची नात. त्याशिवाय लग्न लागत नाही बरं का. तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

वांडाला आजोबांपर्यंतचं ठाऊक होतं. पणजोबा पोलंडहून आले होते, एवढंच घरी बोललं जायचं.

"मग शोध. घाई नाही," शैलजा म्हणाली. त्यातलं 'घाई नाही' तेवढं मनापासून होतं.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात भाजी निवडताना तिनं मैत्रिणीला, शोभाला, सगळा बेत सांगितला. "साप मेला पाहिजे, पण काठी मोडता कामा नये. शंभर वर्षांपूर्वीचं कोण शोधत बसतंय? कंटाळेल ती. मग हाही कंटाळेल."

"वांडा कसली, वांदाच आहे तो!" शोभा म्हणाली आणि दोघी हसल्या. मागे ट्रॉली ढकलणारा मोरेश्वर म्हणाला, "हे काही बरं नाही हं." पण ते इतक्या हळू, की कोणाला ऐकू जाऊ नये. शैलजाच्या नवऱ्याचा विरोध लग्नापासून याच पट्टीत चालत आला होता.

वांडा काही कंटाळली नाही. शनिवार आला की ती वाचनालयात जाऊन मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसे. जुन्या पोलिश चर्चमधल्या लग्नांच्या नोंदी, त्याही लॅटिनमध्ये, पाद्र्यांच्या लपेटदार अक्षरात. एकाच नावाची माणसं ढिगानं, आणि आडनाव प्रत्येक पाद्र्यानं आपापल्या मर्जीनं लिहिलेलं. केदार फोनवर बातम्या द्यायचा. "आई, आज तिला एक स्तानिस्लाव मिळाला होता, पण चेक केलं तर राँग निघाला यार." शैलजा 'अरेरे' म्हणायची आणि निश्चिंतपणे कणीक मळायला घ्यायची.

मे महिन्यात एका रविवारी दोघं आले. वांडानं जेवणाच्या टेबलावर वंशावळीचा भला मोठा कागद पसरला. ती इंग्रजीत बोलायची, आणि शैलजाशी बोलताना मुद्दाम सावकाश, याचा शैलजाला फार राग यायचा.

"मिळाले, काकू! स्तानिस्लाव जॅनिक. कत्तलखान्यात कामाला होते."

"हे मांडवात नाही सांगितलं तरी चालेल," शैलजा मराठीत पुटपुटली.

"आई, प्लीज," केदार म्हणाला.

वांडा आपल्याच आनंदात होती. त्या नोंदींत नवरानवरीच्या आयांचीही नावं असतात, माहेरच्या आडनावासकट, हे तिनं समजावून सांगितलं. लग्नाचा अल्बम दाखवावा तसं तिचं बोट कागदावरून फिरत होतं. ही पणजी, हिच्यावरूनच माझं नाव वांडा. ही पणजीची आई, अग्निएश्का. ही स्तानिस्लावची आई.

कागदाचा उजवा अर्धा भाग मात्र रिकामा होता. तिथे केदार आणि त्याचे आईवडील एवढेच होते.

"ही तुमची बाजू. काकांच्या आईचं नाव काय?"

"इंदिरा."

"जन्मापासून?"

"नाही. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. इंदिरा सासरचं."

"मग आधीचं काय?"

शैलजाच्या सासूबाई याच घरात वारल्या होत्या. त्यांचं शेवटचं आजारपण तिनंच काढलं होतं, स्वतःच्या हातांनी त्यांना न्हाऊ घातलं होतं. नाव कधी विचारलं नव्हतं.

"अहो, आईंचं माहेरचं नाव?"

मोरेश्वर चष्मा पुसत राहिला. "घरात कधी कोणी बोललंच नाही," तो म्हणाला. स्वतःच्या आईबद्दल!

"त्यांच्या सासूबाईंचं?" वांडानं विचारलं. "काकू, तुमच्या आजींचं?"

वांडाची पेन्सिल एका कोऱ्या चौकोनावर थांबे आणि मुकाट्यानं पुढच्यावर जाई. शैलजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरंदाज म्हणून आपण मिरवायचं, परक्या पोरीकडे तीन पिढ्या मागायच्या, आणि आपल्याच घरातल्या बायका आपल्याला माहीत नाहीत. तिला लाज वाटली. कधी एकदा तो कागद गुंडाळला जातो असं तिला झालं.

"राहू दे गं," ती घाईघाईनं म्हणाली. "नावं नसली तरी चालतं. गुरुजी तसंही लावतात लग्न."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

"म्हणजे?" केदार म्हणाला. "आई, तू तर म्हणाली होतीस..."

वांडानं त्याच्या हातावर हात ठेवला. "मला माहीत आहे. मी मार्चमध्येच गुरुजींना फोन केला होता. ते म्हणाले, नावांवाचून काही अडत नाही."

"मग तू इतके दिवस कशाला शोधत बसलीस?" शैलजानं विचारलं.

"तुम्ही विचारलं होतंत ना, काकू. मला वाटलं, तुम्हाला माझ्या माणसांची ओळख हवी असेल."

मुलीनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्यांना शैलजाकडे उत्तरं तयार असत. आता शरमेनं तिची मान वर होईना. खाली कागदावर केदारच्या वरच्या चौकोनात वांडानं वळणदार अक्षरात 'शैलजा' असं लिहिलं होतं.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "शैलजा यांनी ठेवलं. मी नलिनी."

केदार आईकडे बघतच राहिला. वांडानं खोडरबर घेतलं, नाव खोडलं आणि स्पेलिंग विचारलं. तिच्याकडे न बघता शैलजा एकेक अक्षर सांगत गेली.