सातची बस

विदाद नऊ दिवस शाळेत गेली नव्हती, आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. सकाळी दप्तर पाठीला लावून ती निघायची आणि शाळा सुटेपर्यंत जैतुनाच्या बागेत बसून राहायची. शाळेचं पत्र आलं तेव्हा तिनंच आईला वाचून दाखवलं, "सुट्ट्यांची यादी आहे." आईला, मुंजियाला, अक्षरओळख नव्हती.

दहाव्या दिवशी संध्याकाळी शाळेत हजेरी बघणाऱ्या नजीहाबाई स्वतःच दारात उभ्या राहिल्या. मुंजियानं गरम भाकरी आणि तेल पुढे ठेवलं.

"पंधरा दिवस भरले की पटावरून नाव कमी होतं," बाई म्हणाल्या.

मुंजियाचा चेहरा उतरला. "कुठे उंडारत होतीस गं? आणि ते पत्र?"

विदादला रडू फुटलं. "खोटं वाचलं मी. सातची बस भरलेली असते, आपल्या थांब्यावर थांबतच नाही. पुढच्या बसनं गेलं तर शाळेचं फाटक बंद. मग म्हणतात, आईला घेऊन ये. तुला जैतुनाच्या तोडणीतून सुट्टी कोण देणार?"

नजीहाबाईंनी भाकरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "उद्या मी येते थांब्यावर."

त्या आल्या, भाजीच्या ट्रकमधून. बस दिसली. ड्रायव्हरनं लांबूनच नाही म्हणून हात हलवला. बाई सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. करकचून ब्रेक लागला.

"बाई, मरायचंय का?"

"नाही, शाळेत जायचंय. आठच्या आत."

बसमध्ये हशा पिकला. लोक सरकले, दोघींपुरती जागा झाली. त्याच दिवशी बाईंनी बसच्या कचेरीत अर्ज दिला. आठवडाभरानं उत्तर आलं, आणि सातची बस तिथे रोज थांबू लागली.

शिक्षा मात्र टळली नाही. विदादला दोन आठवडे शाळा सुटल्यावर बाईंच्या खोलीत बसून बुडालेला सगळा अभ्यास उतरवून काढावा लागला. बोटं दुखायची. बाई शेजारी आपलं काम करत बसायच्या, आणि अडलं तिथे समजावून सांगायच्या. एवढा वेळ तिच्यासाठी शाळेत याआधी कुणी थांबलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तिला आभार मानायचे होते.

"बाई, मी उद्या वेळेवर येईन," ती म्हणाली.

"ते तर यायचंच आहे," म्हणत नजीहाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.